संशय तुमचा, भुर्दंड आमचा

निर्दोष प्रोग्रामला अँटिव्हायरसनं व्हायरस ठरवलं आणि तो लिहिणाऱ्यानं तक्रार केली, की सुरक्षेच्या धंद्यातली मंडळी एक ठरलेलं उत्तर देतात. शंभर अपराधी सुटले तरी चालतील पण एका निरपराध्याला शिक्षा होता कामा नये, हे कोर्टातलं जुनं तत्त्व ते उलटं करून सांगतात: एखादा निरपराधी अडकला तर अडकू दे, पण एकही अपराधी सुटता कामा नये. वर समजावणी अशी, की सुरक्षेला किंमत असते आणि ती सगळ्यांनी मिळून मोजायची असते.

किंमत असते हे मान्य. पण ती सगळे मिळून मोजत नाहीत. अँटिव्हायरस बनवणारी कंपनी तर ती अजिबात मोजत नाही. या लेखाचं सगळं भांडण एवढ्यापुरतंच आहे.

मी कोल्हापूरच्या आसपासच्या दूध संस्था आणि लहान पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर लिहितो. दूध संस्थेत पहाटेच संकलन सुरू होतं. गाईचं वेगळं, म्हशीचं वेगळं. फॅट आणि एसएनएफचे आकडे यंत्रातून सिरियल पोर्टनं संगणकात येतात, दरपत्रकाप्रमाणे दर लागतो, पावती छापली जाते आणि दहा दिवसांनी त्यावरून बिल निघतं. रात्रीत कधीतरी अँटिव्हायरसची नवी यादी उतरलेली असते. सकाळी सचिव संगणक चालू करतात तर प्रोग्रामचं चित्र पांढरं पडलेलं, एक्स-ई फाइल क्वारंटाइनमध्ये गेलेली, आणि बाहेर किटल्या घेऊन माणसं उभी. मग फोन येतो, "साहेब, तुमच्या सॉफ्टवेअरात व्हायरस हाय म्हणं." अँटिव्हायरस कंपनीला फोन करावा असं त्या सचिवांच्या मनातही येत नाही, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. पडद्यावर लाल अक्षरात नाव आमच्या प्रोग्रामचं असतं. त्या दिवशी पावत्या हातानं लिहिल्या जातात, संध्याकाळपर्यंत शेजारच्या गावच्या संस्थेला बातमी कळते, आणि पुढच्या संचालक मंडळाच्या बैठकीत कुणीतरी विचारतंच, की व्हायरसवाल्या माणसाचं सॉफ्टवेअर आपण का वापरतो.

हे दुखणं दूध संस्थांपुरतं नाही. मराठी टायपिंगची साधनं घ्या. रोमन कळांवर देवनागरी उमटवायची तर कळफलकावर दाबलेली प्रत्येक कळ प्रोग्रामला आधी ऐकावी लागते, अडवावी लागते आणि तिच्या जागी दुसरं अक्षर पाठवावं लागतं. विंडोजमध्ये ही सोय अधिकृतपणे दिलेली आहे. पासवर्ड चोरणारा कीलॉगरही तीच सोय वापरतो. ऐकलेल्या कळा एकजण कागदपत्रात उतरवतो, दुसरा परदेशातल्या सर्व्हरला पाठवतो; फरक आहे तो एवढाच, आणि तोच महत्त्वाचा आहे. तो पाहायला प्रोग्राम थोडा वेळ चालू द्यावा लागतो. नुसतं कळा ऐकतो एवढ्यावरून ठपका ठेवणं स्वस्त पडतं.

आता त्यांचे युक्तिवाद. पहिला गणिताचा. फ्रेड कोहेन या अमेरिकी संशोधकानं १९८४ सालीच दाखवून दिलं होतं, की कुठलाही प्रोग्राम व्हायरस आहे की नाही हे दर वेळी अचूक सांगेल अशी पद्धत असूच शकत नाही. मान्य. जर्मनीत मॅग्डेबर्गला एव्ही-टेस्ट नावाची तपासणी संस्था आहे. तिच्या सांगण्याप्रमाणे रोज साडेचार लाखांहून जास्त नवे घातक किंवा नकोसे प्रोग्राम तिच्या नोंदीत येतात. तेही मान्य. एवढ्या लोंढ्यातली एकेक फाइल माणूस उघडून बघू शकत नाही. यंत्राला अंदाज करावा लागतो आणि अंदाज म्हटला की तो कधीतरी चुकणार. इथपर्यंत माझी तक्रार नाही. पण अंदाज चुकणार हे एकदा सिद्ध झालं, की तो कुणाच्या बाबतीत चुकावा आणि चुकल्यावर कुणी भरावं हेही जणू त्यातच सिद्ध झालं, असं धरून ही मंडळी पुढे निघतात. कोहेनच्या सिद्धतेत दूध संस्थेच्या सचिवाबद्दल काही लिहिलेलं नाही.

चुका सगळीकडे सारख्या विखुरलेल्या असत्या तर मी गप्प बसलो असतो. त्या तशा नाहीत. अनोळखी फाइल समोर आली की यंत्र काय विचारतं? ही फाइल आधी किती संगणकांवर दिसली आहे? किती दिवसांपूर्वी जन्मली? तिच्यावर डिजिटल सही आहे का, असल्यास कुणाची? कुठल्या साधनानं बांधली आहे, दाबून लहान केली आहे का? प्रोग्राम काय करतो यापेक्षा तो कुणाचा आहे, याच चौकशीवर भर. दहा कोटी संगणकांवर असलेल्या ब्राउझरची नवी आवृत्ती पहिल्या तासाभरात लाखो ठिकाणी दिसते, तिला ओळख आपोआप मिळते. माझा प्रोग्राम शंभर-दीडशे संस्थांत चालतो. तो कितीही वर्षं चांगला वागला तरी या हिशेबानं कायम उपराच राहणार.

त्यातही गंमत अशी की तत्पर माणूस जास्त मार खातो. सही नसलेल्या प्रोग्रामची पत ही त्या एका फाइलपुरती असते. आत एक अक्षर बदललं तरी यंत्राच्या लेखी ती नवी, कालपर्यंत अस्तित्वात नसलेली वस्तू. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले, तूप आणि लोण्यावरचा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. दुकानदाराचं बिल त्याच दिवशी नव्या दरानं निघायला हवं, म्हणजे प्रोग्रामची नवी आवृत्ती त्याच्या आधी पोचायला हवी. ज्यानं ती वेळेवर पोचवली त्याची फाइल सर्वांत ताजी, म्हणून सर्वांत संशयित. ज्यानं वर्षानुवर्षं चुका दुरुस्त केल्या नाहीत त्याची फाइल जुनी, ओळखीची, सुरक्षित.

पायथनमध्ये लिहिलेल्या प्रोग्रामची एक्स-ई बनवायला पायइन्स्टॉलर नावाचं मोफत साधन आहे. ते तुमच्या प्रोग्रामच्या पुढे स्वतःचा एक लहानसा तुकडा जोडतं, जो आतलं सगळं उलगडून चालू करतो. हा तुकडा सगळ्यांना तोच मिळतो: विद्यार्थ्याला, शास्त्रज्ञाला, आणि चोरालाही. चोराच्या फाइलीतून यंत्र नेमका तो तुकडा ओळखायला शिकतं आणि मग जगभरातल्या विद्यार्थ्यांचे प्रकल्प व्हायरस ठरतात. पुण्यात कोयता टोळी पकडली म्हणून शिरोळमधल्या ऊसतोड्यांच्या हातातले कोयते जप्त करत सुटावं, तसा हा तपास. अनुभवी लोक सल्ला देतात की तो तुकडा आपल्या यंत्रावर स्वतः पुन्हा बांधून घ्या, म्हणजे त्याचे बाइट वेगळे होतील आणि फाइल सुटेल. बहुतेकदा सुटतेही. पण अंगचं काहीच न बदलता नुसते बाइट वेगळे झाले की निर्दोष ठरतो, याचा अर्थ आधीचा आरोप कशाच्या जोरावर केला होता? हीच युक्ती चोराला ठाऊक नाही असं यांना वाटतं का?

हा त्रास फक्त आमच्यासारख्या किरकोळ माणसांना होतो असंही नाही. गो ही गूगलमध्ये जन्मलेली भाषा. तिच्या अधिकृत प्रश्नोत्तरांतच एक प्रश्न आहे, की माझा अँटिव्हायरस गोमध्ये बांधलेल्या प्रोग्रामला बाधित का म्हणतो. उत्तराचा मथितार्थ असा, की हे नेहमीचं आहे, विशेषतः विंडोजवर, आणि हा ठपका जवळजवळ नेहमीच खोटा असतो. गूगलच्या छायेतली भाषा जिथे हात टेकते तिथे निपाणीच्या किंवा इचलकरंजीच्या पोरानं काय करावं?

दुसरा युक्तिवाद: डिजिटल सही घ्या, सगळं मिटेल. मी सही घेतो, इतरांनाही घ्या म्हणतो. पण ती घेतल्यानं काय मिटतं ते नीट पाहू. सहीचं प्रमाणपत्र ठरावीक मुदतीचं असतं, दर मुदतीला पैसे. वर्षाचा खर्च वीस-तीस हजारांच्या घरात सहज जातो. १ जून २०२३ पासून त्या सहीची गुप्त किल्ली हार्डवेअर टोकनमध्ये किंवा तशाच सुरक्षित यंत्रणेत ठेवणं सक्तीचं झालं; नियम योग्य आहे, पण खर्च आणि कटकट वाढली ती वाढलीच. जो माणूस हौसेनं लिहिलेला शब्दकोश किंवा फाँट बदलायचं साधन लोकांना फुकट देतो, त्यानं फुकट देण्यासाठी दरसाल एवढे पैसे का भरावेत? आणि भरून तरी काय? नव्या सहीलाही विंडोजची स्मार्टस्क्रीन ही तपासणी इशाऱ्याचा निळा पडदा दाखवते, कारण सहीचीही पत तयार व्हावी लागते. महागडं, कडक तपासणीचं प्रमाणपत्र घेतलं की हा पडदा टळायचा. तीही सवलत मायक्रोसॉफ्टनं अलीकडे काढून घेतली.

सही म्हणजे चारित्र्याचा दाखला नव्हे, हे तर सुरक्षेचा इतिहासच सांगतो. इराणच्या अणुकेंद्रावर सोडलेला स्टक्सनेट २०१० साली उघडकीस आला, तेव्हा त्याच्या ड्रायव्हर फाइलींवर रिअलटेक आणि जेमायक्रॉन या तैवानच्या दोन प्रतिष्ठित कंपन्यांच्या अस्सल, चोरलेल्या सह्या होत्या. २०१७ मध्ये सीक्लीनर या संगणक साफ करणाऱ्या प्रोग्रामच्या ५.३३ या आवृत्तीत कुणीतरी चोरदरवाजा घुसवला. ती फाइल कंपनीच्या खऱ्या सहीनिशी, कंपनीच्याच संकेतस्थळावरून सुमारे २२ लाख ७० हजार संगणकांवर गेली. सही फार तर एवढंच सांगते, की फाइल कुणाच्या हातातून आली. आत काय आहे हे तिला ठाऊक नसतं. ज्या गुन्हेगारामागे एखादं सरकार उभं आहे त्याला सही मिळवता येते, आणि ज्याच्यामागे कुणी नाही अशा प्रामाणिक माणसाला ती परवडत नाही. मग या चाळणीतून नेमकं कोण अडतं?

तिसरा युक्तिवाद ग्राहकाच्या बाजूनं येतो, आणि तो जास्त बोचतो. संस्थेच्या अध्यक्षांचा पुण्यात नोकरीला असलेला भाचा आमची फाइल व्हायरसटोटलवर चढवतो. स्पेनमधल्या मालागा शहरात २००४ साली सुरू झालेली आणि २०१२ पासून गूगलची असलेली ही सेवा एकच फाइल सत्तरच्या आसपास अँटिव्हायरसना दाखवते. त्यातले पाच-सहा लाल होतात. भाचा चित्र पाठवतो: एक चुकेल काका, सहा कसे चुकतील?

सहाही चुकतात, कारण ते सहा वेगळे नसतात. त्या यादीतली बरीच उत्पादनं दुसऱ्याचं इंजिन भाड्यानं घेऊन चालतात; बिटडिफेंडरचं इंजिन वापरणारीच कितीतरी आहेत. मूळ इंजिन चुकलं की सगळ्या ओळी एकदम लाल. जिथे इंजिन वेगळं असतं तिथेही शेजाऱ्याच्या वहीत डोकावायची सवय असते. ही गोष्ट कुण्या नाराज प्रोग्रामरनं नाही, कॅस्परस्की या बड्या अँटिव्हायरस कंपनीनंच २०१० साली उघड प्रयोग करून दाखवली. त्यांनी २० निरुपद्रवी फाइली बनवल्या, त्यांतल्या १० फाइलींवर आपल्या उत्पादनात मुद्दाम खोटा ठपका ठेवला आणि सगळ्या व्हायरसटोटलवर टाकल्या. दहाएक दिवसांनी पाहिलं तर ठपका ठेवलेल्या फाइलींना इतर कंपन्याही घातक म्हणू लागल्या होत्या, एखाद्या फाइलीमागे अगदी १४ कंपन्यांपर्यंत. (पुढे २०१५ मध्ये रॉयटर्सनं दोन माजी कर्मचाऱ्यांच्या हवाल्यानं बातमी दिली, की हीच कंपनी प्रतिस्पर्ध्यांना मुद्दाम चुकवत होती. कंपनीनं ते साफ नाकारलं. खरंखोटं काहीही असो, असा आरोप करण्याजोगी जागा या धंद्यात होती, एवढं त्या प्रयोगानं आधीच दाखवून दिलेलं होतं.) अफवा सहा तोंडांनी सांगितली म्हणून तिला सहा साक्षीदार मिळाले असं होत नाही. आणि व्हायरसटोटलचं स्वतःचं म्हणणंही काय, तर निकाल आमचे नाहीत, ज्या कंपनीनं ठपका ठेवला तिच्याशी बोला.

तर बोलू. "फाइल पाठवा, आम्ही तपासून काढून टाकू," हे त्यांचं चौथं उत्तर. प्रत्येक कंपनीचा फॉर्म वेगळा, फाइल पाठवायची पद्धत वेगळी. नशीब असेल तर काही दिवसांनी एका ओळीचं उत्तर येतं, की ठपका काढला आहे. का ठेवला होता, कुठल्या खुणेवरून, पुढच्या आवृत्तीवर पुन्हा येणार नाही याची हमी काय, यातलं काहीच नाही. दिलगिरीची तर गोष्टच सोडा. पुढची आवृत्ती निघते आणि खेळ पुन्हा पहिल्यापासून. यावर बाजारानं तोडगाही काढला: २०१८ मध्ये व्हायरसटोटलनं विकसकांसाठी मॉनिटर नावाची सेवा आणली, तिथे आपले प्रोग्राम आधीच ठेवले की कुणी चुकीचा ठपका ठेवल्यास विकसकाला आणि त्या कंपनीला, दोघांनाही कळतं. सोय चांगली आहे, पण ती मोफत नाही. खोटा आरोप होऊ नये म्हणून आरोपीनंच वर्गणी भरायची.

हेच मोठ्या माणसाच्या बाबतीत कसं होतं पाहा. ३० सप्टेंबर २०११ रोजी मायक्रोसॉफ्टच्या सिक्युरिटी इसेन्शियल्सनं गूगल क्रोमला बँकेचे पासवर्ड चोरणारा झीबॉट ठरवून काही जणांच्या संगणकावरून काढून टाकलं. मायक्रोसॉफ्टच्याच सांगण्यानुसार साधारण ३,००० ग्राहकांना झळ बसली. चूक त्याच दिवशी दुरुस्त. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफीच्या ५९५८ क्रमांकाच्या यादीनं विंडोज एक्सपीच्या एसव्हीसीहोस्ट या अत्यावश्यक फाइललाच व्हायरस म्हटलं, आणि जगभरातले संगणक पुन्हापुन्हा बंद-चालू होत राहिले, नेटवर्कवरून तुटले. काही तासांत नवी यादी आली. कंपनीनं घरगुती ग्राहकांना दुरुस्तीचा वाजवी खर्च भरून द्यायचीही तयारी दाखवली. म्हणजे तासांत दुरुस्ती शक्य आहे. कारण सांगणं शक्य आहे. भरपाईसुद्धा शक्य आहे. फक्त ओरडणारा तेवढा मोठा हवा.

आणि मोजमापाची रीतच अशी आहे की लहानावर झालेली चूक मोजलीच जाऊ नये. ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकची एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज ही संस्था खोट्या इशाऱ्यांच्या चाचण्या घेते आणि त्यांचे अहवाल छापते; हे काम मोलाचं आहे, त्याशिवाय एवढीही शिस्त राहिली नसती. पण त्या अहवालांत प्रत्येक चुकीपुढे तो प्रोग्राम किती जण वापरत असतील याचा अंदाज लावलेला असतो. अगदी थोडे वापरतात म्हटलं, की ती चूक किरकोळ. ग्राहकसंख्येनं पाहिलं तर हे बरोबरही आहे. पण त्यामुळे अँटिव्हायरस कंपनीला मिळणारा इशारा स्पष्ट असतो: क्रोमवर चुकाल तर नाचक्की, शिरोळच्या दूध संस्थेवर चुकाल तर काही नाही. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानातून कैलास आणि संजय काटकर या भावांनी क्विक हील उभं केलं. तेव्हा तो दोघांनी बनवलेला, कुणी न ऐकलेला, फ्लॉपीवरून हातोहात फिरणारा आणि डिस्कच्या आतल्या भागात हात घालणारा प्रोग्राम होता. आजच्या कुठल्याही यंत्राला त्याची कुंडली दाखवा आणि काय निकाल येतो ते पाहा.

आता त्यांच्या बाजूचा सर्वांत वजनदार पुरावा, जो ते योग्य वेळी बाहेर काढतात. थ्रीसीएक्स ही इंटरनेटवरून फोन करण्याचं सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी. तिच्याच तेव्हाच्या दाव्याप्रमाणे ग्राहक सहा लाख कंपन्या. मार्च २०२३ च्या २२ तारखेच्या सुमारास सेंटिनलवन हे सुरक्षा उत्पादन तिच्या प्रोग्रामला घातक म्हणू लागलं. ग्राहकांनी विचारलं. कंपनीनं व्हायरसटोटलवर पाहिलं, तिथे कुणीच लाल नव्हतं; खोटा इशारा असेल असं धरलं आणि ग्राहकांना सुरक्षा उत्पादनवाल्यांकडे बोट दाखवलं. २९ मार्चला क्राउडस्ट्राइक या दुसऱ्या सुरक्षा कंपनीनं जाहीर केलं की इशारा खरा आहे: कंपनीच्या अस्सल सहीच्या फाइलीत हल्लेखोरांचा कोड होता. बघा, ते म्हणतात, प्रोग्रामरच्या शब्दावर विश्वास ठेवला असता तर?

त्यांनी यापेक्षा जुनं आणि माझ्या बिरादरीतलं उदाहरणही द्यावं. २००९ साली इंड्यूक नावाचा व्हायरस आढळला. तो डेल्फी या प्रोग्राम लिहिण्याच्या साधनाच्या ४ ते ७ या आवृत्त्यांमध्ये शिरून प्रत्येक प्रोग्रामला जोडली जाणारी लायब्ररीची फाइलच बाधित करायचा, म्हणजे त्या संगणकावर बांधलेला प्रत्येक प्रोग्राम बाधित जन्मायचा. अनेक प्रामाणिक डेल्फीवाल्यांनी आधी छातीठोकपणे सांगितलं, की अँटिव्हायरस चुकतोय.

म्हणून प्रोग्रामरच्या शब्दावर विश्वास ठेवा असं माझं म्हणणं नाहीच. माझा प्रश्न वेगळा आहे. थ्रीसीएक्समधल्या लोकांना तो इशारा खोटा का वाटला? ते मूर्ख नव्हते. असे इशारे वर्षानुवर्षं येत होते आणि ते खोटेच निघत होते. ग्राहकाच्या पडद्यावर आलेली सूचना ही आधीच्या खोट्या सूचनांपेक्षा दिसायला काडीचीही वेगळी नव्हती. कोणती कृती पाहून संशय आला, कुठल्या पत्त्याशी संपर्क होत होता, हे त्या सूचनेसोबत विकसकाच्या हातात असतं तर तपासायला एक दुपार पुरली असती. तो आठवडा वाया घालवला तो खोट्या इशाऱ्यांनी लावलेल्या सवयीनं. सुरक्षावाल्यांनी हे उदाहरण माझ्यासमोर ठेवण्याआधी स्वतःच्या टेबलावर ठेवावं.

आणि ही सवय फक्त प्रोग्रामरला लागत नाही. ग्राहकाचा धंदा अडला की आम्ही काय करतो? एनीडेस्क या दुरून संगणक चालवण्याच्या साधनानं त्याच्या संगणकात शिरतो आणि अँटिव्हायरसला सांगतो, की हे अख्खं फोल्डर तपासू नकोस. दुसरा उपाय उरलेलाच नसतो. टॅलीवाला एक फोल्डर वगळतो, दूधवाला दुसरं, एक्स-रेच्या यंत्राचा माणूस अख्खी डी ड्राइव्ह वगळून जातो. भोकं पाडलेल्या त्या संगणकावर मग अँटिव्हायरस हिरवी खूण दाखवत बसतो. मोठ्यांचंही हेच. मायक्रोसॉफ्ट आपल्या एक्सचेंज या ईमेल सर्व्हरसाठी काय काय तपासणीतून वगळावं याची यादी वर्षानुवर्षं देत आली. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्यांनाच सांगावं लागलं, की त्यातली काही वगळणी काढा, कारण हल्लेखोर नेमके तिथेच लपतात. निर्दोषाला त्रास दिल्यानं सुरक्षा वाढत नाही. सचिवांना एकदा कळलं की लाल पडद्याचा अर्थ "सॉफ्टवेअरवाल्याला फोन करा, तो बंद करून देईल" असा असतो, की खरा रॅन्समवेअर येईल तेव्हाही ते मलाच फोन करतील, आणि तोवर वर्षाचा हिशेब कुलूपबंद झालेला असेल.

मग करायचं काय? आधी अंदाजाला अंदाज म्हणा. मायक्रोसॉफ्ट डिफेंडरच्या नोंदीत 'वाकाटाक.बी!एमएल' हे नाव अनेक विकसकांना पाठ झालं आहे. शेवटचं एमएल म्हणजे मशीन लर्निंग; कुठल्या तरी प्रतिमानानं फाइलीचं तोंड पाहून केलेला हा तर्क आहे, हे नावातच लिहिलेलं असतं. पण ग्राहकाच्या पडद्यावर शब्द येतात 'ट्रोजन' आणि 'गंभीर'. कंपनीला आतून जे ठाऊक आहे ते बाहेर सांगायचं नाही, हा तंत्रज्ञानाचा नाइलाज नव्हे. "हा प्रोग्राम आम्हाला अनोळखी आहे, अमुक कारणानं संशय येतो, चालवायचा की नाही ते ठरवा" असं मराठीत लिहायला जागा फार लागत नाही.

कारण सांगितलं तर चोरांना पळवाट कळेल, हा यावरचा नेहमीचा बचाव. चोरांकडे ही सगळी उत्पादनं विकत घेऊन तपासायला पैसे असतात. फाइल सुटेपर्यंत ते ती बदलत राहतात, तोच त्यांचा धंदा आहे. कारण लपवल्यानं अंधारात राहतो तो मीच.

दुसरं, आरोपाला जबाबदारी जोडा. अमेरिकेत आजवर कायद्याचा कल सुरक्षा कंपन्यांकडे राहिला. २००९ साली झँगो विरुद्ध कॅस्परस्की या खटल्यात नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयानं अँटिव्हायरसला नकोसे प्रोग्राम अडवण्याबद्दल संरक्षण दिलं, आणि झँगोचा जाहिरातबाज प्रोग्राम पाहता निकाल वाईट नव्हता. पण एनिग्मा विरुद्ध मालवेअरबाइट्स खटल्यात त्याच न्यायालयानं २०१९ मध्ये म्हटलं, की प्रतिस्पर्ध्याला मारण्याच्या हेतूनं अडवलं असेल तर हे संरक्षण मिळणार नाही. २०२३ मध्ये ते आणखी पुढे गेलं: एखाद्या प्रोग्रामला घातक किंवा धोकादायक म्हणणं हे नुसतं मत नाही, खरं की खोटं हे तपासता येईल असं ते विधान आहे. हा खटला दोन सुरक्षा कंपन्यांमधला आहे, आमच्यासारख्याला तिथवर पोचायची ऐपत नाही. तरी तत्त्व नोंदवलं गेलं, आणि ते मला पुरेसं आहे. विधान केलंत तर ते सिद्ध करायची तयारी ठेवा. ती नसेल तर विधान करू नका, शंका व्यक्त करा.

माझी मागणी फार मोठी नाही. जी फाइल एकाच संगणकावर वर्षभर रोज चालते आहे आणि जिच्या मागे ग्राहकाचा डेटाबेस उघडा आहे, ती रातोरात उचलण्याआधी माणसाला विचारा. विकसकानं तक्रार केली की ती कुणाकडे गेली आणि किती तासांत उत्तर मिळेल, ते सांगा. एकदा तपासून निर्दोष ठरलेल्या माणसाच्या पुढच्या आवृत्तीला निदान तेवढी पत द्या. हे सगळं करायला पैसे लागतात, आणि ते कंपन्या आपणहून खर्च करणार नाहीत हे मलाही कळतं. त्या खर्च करतात त्या गुणपत्रिकेसाठी. म्हणून मॅग्डेबर्ग आणि इन्सब्रुकच्या परीक्षकांनी आणखी एक रकाना वाढवावा: शंभर ग्राहकांचा एखादा नवा, निर्दोष, अनोळखी विकसक उभा करावा, त्याच्या नावानं प्रत्येक कंपनीकडे तक्रार पाठवावी आणि ठपका निघायला किती तास लागले ते आकड्यात छापावं. पहिल्याच वर्षीच्या अहवालात कोण कुठे आहे हे दिसेल, आणि दुसऱ्या वर्षीपासून तक्रारींच्या फॉर्ममागे माणूस बसलेला असेल.